डिपर

उदगीरला जायचं तर रस्ता एकच,
हडपसर, यवत, भिगवण, टेंभुर्णी, बार्शी.
प्रश्न एवढाच, कशात बसून.

संगमवाडीहून रात्री साडेनऊची स्लीपर:
खालचा बर्थ नऊशे, वरचा साडेआठशे,
सकाळी सहाला लातूर, पुढे मिळेल ती एसटी.
नाहीतर माझी गाडी,
जी घेताना फॉर्मवर दोन सह्या होत्या
आणि जिचा हप्ता आता माझ्याच खात्यातून जातो.

आप्पा गाडी म्हणतात ती फक्त एसटीला.
स्वारगेट डेपोत एकतीस वर्षं काढली त्यांनी,
त्यातली निम्मी मुक्कामाच्या फेऱ्यांवर.
माझ्या गाडीला ते म्हणतात, "ते तुझं."
मोबाइलवर बर्थचा नकाशा दाखवला
तर चष्मा वर करून म्हणाले,
"ही काय फडताळं? माणसं घडी करून ठेवतात?"

मी वहीत हिशोब मांडला,
सीएनजी, टोल, वाटेतला चहा.
बस तीनशे रुपयांनी महाग निघाली,
तरी मी बसच म्हणत राहिले.

खरं कारण वहीत नव्हतं.
बसला पडदा असतो.
आप्पा खाली, मी वर, मध्ये प्लायवूड,
आठ तास कुणी कुणाला विचारायचं नाही.
गाडीत दोन माणसं
एकाच काचेतून समोर बघत बसतात,
आणि समोर काही नसतं तेव्हा
बोलणं निघतं.
दिवाळीला मी सांगितलं होतं, श्रीकांत कामात आहे.
संक्रांतीला सांगितलं, बंगळूरला आहे.
आता भागीरथीआत्याच्या नातवाचं बारसं,
आणि मला तिसरं गाव सुचत नव्हतं.

आप्पा म्हणाले,
"दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग असलं
की मला झोप लागत नाही.
मागं नांदेडला जाताना केबिनमध्येच बसलो रात्रभर.
पोरानं बावीस जांभया दिल्या."
"मग माझ्या हातात?"
"बघू की जरा तुझा हात."

दहीभात खाऊन धनकवडीतून दहाला निघालो.
मांजरी ओलांडेपर्यंत पाऊण तास गेला.
पुढे उसाच्या ट्रॉल्या,
मागे ना दिवा ना लाल कापड,
अंधाराचाच एक तुकडा अचानक ट्रॉली व्हायचा,
आणि शेजारी आप्पांचा उजवा पाय
पायपुसणं दाबायचा, खच्चून,
तिथे ब्रेक असल्यासारखा.

भिगवणच्या पुढे एक स्लीपर आम्हाला घासून गेली.
जांभळा उजेड, ओढलेले पडदे.
मी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं असणार.
"डिपर दे," आप्पा म्हणाले. समोरून ट्रक येत होता.
"तो कुठे देतोय?"
"त्याचं त्याच्यापाशी. आपण द्यायचा.
समोरच्याच्या डोळ्यात उजेड मारून
काय बघायचंय आपल्याला?
त्यालाही रात्र काढायचीय."

मी दिवे खाली केले.
त्यानंतर ते बोलले ते
क्लचप्लेटबद्दल,
टायरच्या हवेबद्दल,
कुर्डुवाडीच्या फाटकाशी एकदा अडीच तास
पंचेचाळीस प्रवासी घेऊन थांबल्याबद्दल.

बार्शीच्या अलीकडे काचेवर दव धरलं.
फडकं शोधायला त्यांनी समोरचा कप्पा उघडला.
आत श्रीकांतचा चष्मा होता,
डबीसकट, डबीत पुसायचं पिवळं कापड.
मी रस्त्यावरून नजर काढली नाही.
त्यांनी कापड तेवढं काढलं,
काच पुसली, आधी माझ्या बाजूची,
मग कापडाची घडी घातली, चारपदरी,
जशी होती तशी,
आणि कप्पा लावला.
तो नीट लागत नाही कधीच,
दोनदा दाबावा लागतो.
त्यांनी दोनदा दाबला.

येडशीच्या उतारावर मी म्हणाले, "आप्पा."
"तिसऱ्यात घे," ते म्हणाले.
मी तिसऱ्यात घेतली.

मुरुड यायच्या आधी कधीतरी
बाजूला पाहिलं,
तर त्यांची मान खिडकीकडे कलली होती
आणि उजवा पाय
चपलेतून निघून
सीटवर, डाव्या मांडीखाली गेला होता.